लिनक्सवर नेट चालत नाही म्हणे

एकोणीस वर्षं मी एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत परिचर होते. परिचर हा कागदावरचा शब्द. प्रत्यक्षात काम म्हणजे सकाळी कुलूप उघडायचं, मुलांना चपला बाहेर काढायला लावायच्या, कीबोर्डमधली धूळ ब्रशनं काढायची, हजेरीची वही पुढे करायची आणि संध्याकाळी पंखे बंद करून पुन्हा कुलूप लावायचं. आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या मशीन जुन्या होत्या आणि जुन्या मशीनवर विंडोजपेक्षा हलकं, फुकटचं लिनक्स कुरकुर न करता चालतं, म्हणून सगळीकडे तेच होतं. विंडोज मी पाहिलं ते फक्त प्राचार्यांच्या केबिनमध्ये, टेबल पुसताना.

मला कोणी शिकवलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला सगळ्यांनी शिकवलं, फक्त आपण हिला शिकवतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. सर फळ्यावर जे लिहीत ते मी मागे उभी राहून वाचायची. घरी आल्यावर एका दोनशे पानी वहीत उतरवून काढायची. सुरुवातीला इंग्रजी आज्ञा देवनागरीत लिहायची, कारण इंग्रजी स्पेलिंगवर माझा विश्वास नव्हता. हळूहळू तो बसला. पाच-सात वर्षांनी असं झालं की एखादं मशीन अडलं की मुलं सरांना हाक मारायच्या आधी मला हाक मारायची. "मावशी, पाहा नं हे काय करून राहिलं." मी पाहायची, आणि बहुतेक वेळा ते सुरू व्हायचं.

मग कॉलेजनं सफाई आणि परिचराची कामं बाहेरच्या एजन्सीला दिली आणि माझं काम संपलं. तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. जाताना मी निकाली काढलेल्या सामानातलं एक मशीन मागून घेतलं. घरी आणून उघडलं, आतली जाळी-जळमटं काढली, मेमरीची पट्टी बदलली आणि लिनक्स टाकलं. हुडकेश्वरच्या आमच्या दोन खोल्यांत ते खिडकीशी बसलं. दसऱ्याला त्याची पूजा मीच केली.

वर्षभर ते मशीन माझ्यासारखंच घरी बसून होतं. मग एक दिवस कॉलेजातल्या जुन्या मॅडमनी फोन केला. खेड्यापाड्यांतल्या शाळांना जुने कम्प्युटर नीट करून देणारी एक संस्था होती, त्यांना एक माणूस हवा होता. काम घरून. शाळेतलं मशीन अडलं की मास्तर फोन करणार, आपण घरी बसून नेटवरून त्यांच्या मशीनमध्ये शिरायचं आणि दुरुस्त करायचं. सगळ्या शाळांत लिनक्स. मॅडम म्हणाल्या, मी तुमचंच नाव दिलं आहे.

संस्थेच्या बाईंनी फोनवर अर्धा तास मला प्रश्न विचारले. एकाही प्रश्नावर मी अडले नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे डिप्लोमा नाही, त्याचं मला काही वाटत नाही. पण एक गोष्ट पाहिल्याशिवाय मी काम देत नाही. मोबाइलच्या नेटवर हे काम होत नाही, तुमच्या घरी ब्रॉडबँडची तार हवी. ती तुमच्या लिनक्सच्या मशीनला जोडा आणि शनिवारी पाचच्या आत आमच्या यंत्रणेत लॉगिन करा. स्वतःच्या घरचं जोडता आलं नाही तर शाळांचं कसं करणार? नाही झालं तर यादीत पुढे एक इंजिनिअर आहेत, त्यांना कळवीन."

त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मला तर ते आवडलंच. आजवर कोणी मला परीक्षेला बसवलं नव्हतं.

सोमवारी मी तारेसाठी अर्ज केला. आमच्या भागात एकाच केबलवाल्याची तार येते, त्याचं ऑफिस सक्करदऱ्याला. मंगळवारी येतो म्हणाले, बुधवारी येतो म्हणाले, आणि शुक्रवारी बाराच्या सुमारास माणूस आला. तिशीचा असेल. खांद्यावर तारेचं वेटोळं, पाठीवर लॅपटॉपची बॅग. त्यानं खांबावरून तार ओढली, खिडकीच्या जाळीच्या कोपऱ्यातून आत घेतली, केसाएवढी काचेची तार एका यंत्रात ठेवून जोडली आणि भिंतीवर एक पांढरी डबी ठोकली. काम सफाईदार होतं, हे मी आजही म्हणेन. त्या काचेच्या तारेचा जोड मी जवळून पाहिला आणि मला फार मजा वाटली.

मशीनवरचं कापड मी सकाळीच काढून ठेवलं होतं. डबीपासून मशीनपर्यंतची तार ठेवली होती. केबल कंपनीनं दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड लिनक्समध्ये भरून ठेवला होता. आता तार लावायची आणि एक बटण दाबायचं, एवढंच बाकी होतं. आणि नेमक्या त्या वेळी मी चहा ठेवायला आत गेले. उन्हातून आलेला माणूस, तासभर खांबावर चढलेला, त्याला चहा विचारायचा नाही हे आमच्या घरात होत नाही. आलं किसत होते तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "झालं काकू, चालू झालं." मी गॅस बारीक केला आणि मनातल्या मनात देवाला हात जोडले.

चहा घेऊन बाहेर आले तर तो स्वतःच्या लॅपटॉपची तार काढून माझ्या मशीनला लावत होता. मी बटण दाबलं. जोडत आहे, जोडत आहे, आणि मग जोडणी झाली नाही. पुन्हा दाबलं. तेच. तो म्हणाला, "तुमी राहू द्या काकू, मी पाहतो." त्यानंही तीनदा दाबलं. मग तो पडद्याकडे नीट पाहू लागला.

"यात विंडोज कुठी हाय?"

"विंडोज नाही. लिनक्स आहे."

"मंग कसं चालन? लिनक्सवर आपलं नेट चालत नाही, काकू."

"कोणी सांगितलं?"

"सांगाले काहून पाह्यजे? माया लॅपटॉपवर आत्ता चाललं. तार बरोबर, डबी बरोबर. मंग राह्यलं काय? तुमचं मशीनच नं. सोमवारी येतो, विंडोज टाकून देतो. पाच मिनटात चालते का नाही पाहा."

मी म्हटलं, मला उद्या पाचच्या आत हवं. तो म्हणाला, उद्या त्याला नंदनवन वस्तीत चार घरं जोडायची आहेत. मोबाइलवर त्यानं कंपनीच्या यादीत माझ्या नावापुढे लिहिलं, ग्राहकाच्या कम्प्युटरमध्ये प्रॉब्लेम. मग चहा पिऊन कप खाली ठेवत म्हणाला, "चहा मात्र एक नंबर, काकू." तो गेल्यावर मला त्या वाक्याचा जास्त राग आला. चहाचं प्रमाणपत्र मला नको होतं.

संध्याकाळपर्यंत मी ते बटण किती वेळा दाबलं असेल ते सांगत नाही. पासवर्ड पुसून पुन्हा भरला. कॅपिटल अक्षरं तपासली. तार बदलली. मशीन बंद करून सुरू केलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. एकोणीस वर्षं दुसऱ्यांची मशीन चालू करत आले आणि स्वतःच्या घरी एक तार लागत नाही, म्हणजे आपण इतकी वर्षं नुसतीच हवा करत होतो की काय, असं वाटायला लागलं. यादीतल्या त्या इंजिनिअरला दोन मिनिटांत जमलं असतं, हेही वाटलं.

नवरा शहराच्या पलीकडच्या टोकाला, वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग सांभाळतो. तो घरी आला आणि माझं तोंड पाहूनच समजला. हातपाय धुऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"काहून टेन्शन घेऊन राहिली वं? उद्या आमच्या गोदामातल्या कम्प्युटरवाल्याले घेऊन येतो. तो टाकून देते विंडोज."

"या मशीनवर विंडोज चालणार नाही. आणि चाललं तरी मला नको. शाळांत लिनक्स आहे."

"अवं पण कंपनीचा माणूस सांगून राहिला नं. त्याले रोजचं काम हाय."

"आणि मला?"

बोललो ते चुकलं हे त्याला कळलं, आणि मी विनाकारण ओरडले हे मला. त्यानं भाजी निवडायला घेतली. पालकाची देठं काढता काढता म्हणाला, "तुले जे करायचं ते कर. माह्यं काही म्हणणं नाही."

शनिवारी तो डबा घेऊन गेला आणि मी मशीनसमोर बसले. या वेळी बटणाला हात लावला नाही. प्रयोगशाळेत मुलं हेच करायची, अडलं की तेच तेच दाबत राहायची, आणि मी त्यांना रागवायची की बाबांनो, आधी वाचा. लिनक्स आपल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवतं. काय केलं, पलीकडून काय उत्तर आलं, सगळं. आदल्या दिवशी घाबरून मी ती नोंद उघडलीच नव्हती. आता उघडली आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेले.

माझ्या मशीननं हाक मारली होती. पलीकडच्या कंपनीच्या यंत्रानं ओ दिली होती. दोघांचं बोलणं ठरलं होतं. माझ्या मशीननं नाव आणि पासवर्ड दिला होता, आणि मग पलीकडून नकार आला होता. मी तो भाग तीनदा वाचला. लिनक्सवर नेट चालत नसतं तर पलीकडून उत्तरच आलं नसतं. इथं तर कंपनीचं यंत्र माझ्या मशीनशी व्यवस्थित बोलत होतं, आणि बोलून झाल्यावर नाही म्हणत होतं. म्हणजे मशीन बरोबर, लिनक्स बरोबर. प्रश्न एवढाच की ते नाही का म्हणतंय.

पासवर्ड तोच, जो त्याच्या लॅपटॉपवर चालला. तार तीच. डबी तीच. बदललं काय? तेव्हा मला प्रयोगशाळेतली एक गोष्ट आठवली. एकदा वीज पडली आणि मुख्य मशीनचं नेटचं कार्ड जळालं. नवीन कार्ड बसवलं तरी दोन दिवस नेट येईना. सर थकले. मग कळलं की नेट देणाऱ्या कंपनीनं आमच्या खात्यावर जुन्या कार्डाचा नंबर बांधून ठेवला होता. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच अक्षरा-आकड्यांच्या सहा जोड्यांचा एक नंबर मिळतो, आणि काही कंपन्या पहिल्यांदा जे कार्ड जोडलं जाईल तेच तुमचं म्हणून धरतात. दुसरं आलं की दार बंद.

पहिल्यांदा जोडलं गेलं ते कोणाचं? मी आत आलं किसत होते तेव्हा बाहेर कोणाचा लॅपटॉप चालू झाला होता? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि मग त्या गाडीनं जायचंच नाही, तसं त्याच्या लॅपटॉपनं माझी जागा धरली होती आणि तो बॅगेत बसून निघून गेला होता. मी तिथं उभी असते तर पहिली तार माझ्याच मशीनला लावायला लावली असती. चहानं घात केला.

मी केबलवाल्याच्या ऑफिसला फोन लावला. वाजत राहिला. पाच-सहा वेळा लावला. घड्याळात दीड झाला होता. मग मी नोंदीतल्या त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या, माझ्या कार्डाचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला, कुलूप लावलं आणि सक्करदऱ्याचा ऑटो पकडला.

ऑफिस म्हणजे तळ्याच्या बाजूच्या रस्त्यावरचा एक गाळा. काउंटरवर एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते, आणि मागच्या टेबलावर कालचाच माणूस डबा खात होता. मला पाहून तो म्हणाला, "काकू, सोमवारी येतो म्हटलं होतं नं?" मी त्याच्याशी बोललेच नाही. चष्मेवाल्यांना माझं युजरनेम सांगितलं. त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं लिनक्स हाय म्हणते. त्याच्यावर सपोर्ट नाही नं मॅडम."

"सपोर्ट नको मला. माझ्या खात्यावर कोणत्या कार्डाचा नंबर बांधला आहे तेवढा वाचून दाखवा."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "काहून?"

"माझ्या खात्याचा आहे, म्हणून."

ते एकेक अक्षर वाचत गेले. मी वहीतल्या नंबरावर बोट ठेवून ऐकत होते. पहिल्या जोडीपासूनच जुळत नव्हतं. मी वही काउंटरवर त्यांच्यापुढे ठेवली. "हे माझं कार्ड. तुम्ही वाचलं ते माझं नाही. आता यांना त्यांच्या लॅपटॉपचा नंबर पाहायला सांगा."

माझा आवाज चढला होता, हे मला नंतर कळलं. त्या माणसानं हात पुसले, बॅगेतून लॅपटॉप काढला, आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि नंबर शोधला. चष्मेवाल्यांनी पुन्हा वाचायला सुरुवात केली आणि तो लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत ऐकत राहिला. चौथ्या जोडीला त्याची मान हलायला लागली. शेवटपर्यंत सगळं जुळलं.

"हे तं मायंच हाय," तो म्हणाला. मग चष्मेवाल्यांना म्हणाला, "काढून टाका साहेब, काकूचं बरोबर हाय. मी सगळ्याइकडे असंच चेक करतो, पण त्याइच्याकडे राउटर राहते, त्याचा नंबर मी आठवणीनं टाकून देतो. इथं डायरेक्ट कम्प्युटर होता, लक्षातच नाही आलं." त्यानं मोकळेपणी कबूल केलं याचं मला बरं वाटलं. तरी मी म्हटलंच, "आणि ग्राहकाच्या कम्प्युटरमध्ये प्रॉब्लेम, ते पण काढा." त्यानं मोबाइल काढून माझ्यासमोर ते वाक्य पुसलं.

चष्मेवाल्यांनी जुना नंबर काढला आणि वहीत पाहून माझा टाकला. टाकता टाकता विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठं इंजिनिअर हाय का?" मी म्हटलं, "नाही. प्रयोगशाळेत परिचर होते." हे सांगताना मला पहिल्यांदा मान खाली घालावीशी वाटली नाही. उलट त्यांनी ते नीट ऐकावं असं वाटलं.

घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. चप्पल दारात कशीबशी काढली आणि खुर्चीत बसले. तार लावलेलीच होती. बटण दाबलं. जोडत आहे. आणि जोडलं गेलं. दोन-तीन क्षण मी पडद्याकडे नुसती पाहत राहिले. मग नोंद उघडली आणि तीही वाचली, कारण नुसत्या पडद्यावर माझा भरवसा नसतो. हाक, उत्तर, नाव, पासवर्ड, आणि या वेळी होकार. मला रडू आलं. पदरानं डोळे पुसले आणि संस्थेच्या यंत्रणेत लॉगिन केलं.

आत एक छोटा फॉर्म होता. मशीन कोणतं, तार कोणाची, गती किती. सगळं भरत खाली आले. शेवटचा रकाना होता, जोडणी करणाऱ्याचं नाव.

तिथं मी थांबले. आमच्या प्रयोगशाळेत बिघाडांची एक लांब वही असायची. तिच्यात मशीनचा क्रमांक, काय बिघडलं, कधी नीट झालं, आणि सगळ्यात शेवटी दुरुस्त करणाऱ्याची सही. त्यातले अर्धे बिघाड मी काढलेले असायचे. सही सर करायचे, कारण त्या रकान्यात परिचरानं सही करायची नाही असा नियम होता. मी पान उघडून, पेनाचं टोपण काढून त्यांच्यापुढे वही धरायची. मला वाईट वाटायचं. रोज वाटायचं, आणि हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, घरीही नाही.

मी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव. पाचला वीस मिनिटं कमी असताना पाठवून दिलं.

मागे दार वाजलं. नवरा अर्धी सुट्टी टाकून आला होता. सोबत कोणी नव्हतं, कम्प्युटरवाल्याला त्यानं आणलंच नव्हतं. पडद्यावरचा हिरवा दिवा पाहून तो दारातच थांबला.

"लागलं? कोणी जोडून देलं वं?"

मी पाठवलेला फॉर्म पुन्हा उघडला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. त्यानं खिशातून चष्मा काढून लावला, वाकला, आणि वरपासून एकेक ओळ वाचत खाली आला. शेवटच्या रकान्याशी आल्यावर त्यानं माझं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं.